यल्लप्पाच्या बेसची दांडी

आमच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. खांद्यावरची गिटार काउंटरवर आडवी ठेवायची, माझ्याकडे बघायचं, मग माझ्या मागे बघायचं आणि विचारायचं, "रिपेरी यार माडतार्री?" म्हणजे रिपेरी कोण करतं. मागे माझे वडील, अप्पा, हार्मोनियमच्या भात्यात डोकं घालून बसलेले असत. ते वर न बघताच माझ्याकडे बोट दाखवत. मग गिऱ्हाइकाचा चेहरा जो काही होई, तो मी वीसएक वर्षं बघितला. सुरुवातीला राग यायचा, नंतर नंतर मला त्याची वाट बघायची सवयच लागली.

दुकान हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात. एका बाजूला खिळे-बिजागऱ्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला साड्यांचं, आणि मधे आमची आठ फुटांची फट. आजोबा मिरजेकडून तंबोऱ्याच्या तारा विकायला आले आणि इथलेच झाले. अप्पांनी पेटी, तंबोरा, सतार यांची दुरुस्ती सुरू केली. मला भाऊ नाही आणि लाकडाचा नाद लहानपणापासूनचा, त्यामुळे घासकाम, गोंदकाम आपसूक माझ्याकडे आलं. लग्न होऊन धारवाडला सप्तापुरात गेले तरी रोज सकाळी बस धरून हुबळीला यायचे आणि दिवेलागणीला परत जायचे. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सूनबाई हुबळीला असतात कामाला." शेजारणी बँक समजून चालायच्या, आणि सासूबाईंनी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

नव्वदच्या सुमारास आमच्याकडे बेस गिटारी यायला लागल्या. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साध्या गिटारला सहा तारा, हिला चार, पण जाडजूड. आर्केस्ट्रात गाणं चालू असताना कानापेक्षा पोटात जे घुमतं, ते ही घुमवते. ती नीट वाजत असेल तर कुणाचं लक्ष जात नाही आणि थांबली की मात्र गाण्याचा पाया निघाल्यासारखं वाटतं. तिच्या लांब मानेला गिटारवाले नेक म्हणतात. अप्पा शेवटपर्यंत दांडी म्हणाले, तंबोऱ्याची असते तशी दांडी, म्हणून मीही दांडीच लिहिते. दांडीवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना आम्ही सतारीसारखं पडदे म्हणायचो.

आमच्याकडे येणाऱ्या बेस गिटारी सगळ्या स्वस्तातल्या. धड प्लायवूडचं, दांडीचं लाकूड पुरतं वाळायच्या आधीच रंधलेलं, पडद्यांची टोकं हाताला लागणारी. पण मला त्यांचं भारी कौतुक वाटायचं, आजही वाटतं. नीट लावलेल्या बेसच्या चार तारा मिळून एक धष्टपुष्ट माणूस लटकावा एवढा ओढा त्या दांडीला देत असतात, दिवसरात्र. एप्रिलमधे ती सुकते, जुलैमधे फुगते, टेम्पोत ड्रमच्या खाली दबून येते, आणि तरी संध्याकाळी कुणाच्या तरी बारशाला वाजते. महागाच्या वाद्याला चांगलं वाजण्याचं कसलं आलंय कौतुक, ते त्याचं कामच. स्वस्तातल्याचं तसं नसतं.

तारा बदलणं हे काम सोपं दिसतं आणि निम्मे लोक त्यातच माती खातात. नवी तार घेतली की ती आधी खुंटीपर्यंत ताणून बघायची, पुढे आणखी दोन खुंट्यांच्या अंतराएवढी सोडायची, तिथे पक्कडीनं काटकोनात वाकवायची आणि मग कापायची. आधी कापली तर वरचा वेढा आतल्या तारेवरून सुटत जातो आणि नवी कोरी तार पहिल्याच दिवशी मेल्यासारखी वाजते. वेढे खुंटीवर वरून खाली यायला हवेत, एकावर एक चढता कामा नयेत. एवढंच. पण एवढंच शिकायला मी तीन तारा वाया घालवल्या होत्या आणि तिन्ही मुंबईहून मागवलेल्या होत्या.

बेसच्या तारा तेव्हा हुबळीत मिळत नसत, त्यामुळे जुन्या तारांना जीव आणायची एक युक्ती होती. तारा उकळायच्या. वेढ्यांत बसलेला घाम आणि मळ गरम पाण्यात सुटतो आणि तार पुन्हा महिनाभर खणखणते. दुकानात गॅस नव्हता, म्हणून मी तारा पिशवीतून सप्तापूरला घरी न्यायचे आणि चिमूटभर सोडा घालून पातेल्यात टाकायचे. एकदा सासूबाईंनी झाकण उचलून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे आज जेवायला आहे का?" त्या दिवसापासून तारांचं पातेलं वेगळं झालं. त्यावर सासूबाईंनी स्वतः खिळ्यानं खूण केली होती.

दांडीच्या दुखण्यांत सगळ्यात हलकं म्हणजे ती धडाला जिथे जोडलेली असते तिथला कोन चुकलेला असणं. तारा पडद्यांपासून बोटभर उंच राहतात आणि वाजवणाऱ्याची बोटं सोलून निघतात. अशा वेळी चार स्क्रू काढून दांडीच्या खाली जाड कागदाचा एक तुकडा सरकवायचा. मी लग्नपत्रिका वापरायचे. आमच्या भागातल्या पत्रिका चांगल्या जाड असतात आणि दुर्गदबैलात दुकान असलं की बोलावणीही कमी येत नाहीत. चर्चमधे बेस वाजवणारे एक निवृत्त रेल्वे गार्ड होते, त्यांच्या बेसमधे आमच्या शेजारच्या साडीवाल्याच्या थोरल्या मुलीची पत्रिका आहे. अजून असेल.

खरं दुखणं म्हणजे दांडी धनुष्यासारखी वाकणं. त्यासाठी दांडीच्या आत एक लोखंडी सळई असते. टोकाला नट असतो, तो एलन कीनं, म्हणजे षटकोनी वाकड्या किल्लीनं, आवळला की सळई दांडीला तारांच्या ओढ्याच्या उलट बाजूला खेचते. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरायची आणि मधे किती फट राहते ते बघायचं. पोस्टकार्ड जेमतेम सरकलं तर दांडी ठणठणीत. जास्त फट असेल तर नटाला पाव फेरा द्यायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. लाकडाला आपलं म्हणणं पटायला वेळ लागतो. हा पाव फेऱ्याचा नियम मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. तो मी स्वतः एकदा मोडला, त्याची ही हकीगत.

यल्लप्पा अळणावरकडच्या एका खेड्यातला. दुर्गदबैलात हातगाडी ओढायचा. कापडाचे गठ्ठे दुकानातून गोदामात, गोदामातून स्टँडवर. तिशी ओलांडलेला, मान आणि खांदे एकच वाटावेत असा गडी, आणि बोलणं मात्र इतकं हळू की गाड्यांच्या गोंगाटात दोनदा विचारावं लागे. आठवड्यातून एक-दोन दिवस हा माणूस पांढरा शर्ट आणि पांढरे बूट घालून आर्केस्ट्रात बेस वाजवायचा. बेस सेकंडहँड, लाल रंगाचा, रंग अर्धा उडालेला. तो दुकानात आणताना गठ्ठ्यांवर ठेवून कधीच आणायचा नाही. हातगाडी रस्त्यावर उभी करायचा, बेस छातीशी धरून आत यायचा.

"अक्का, परत वाकली बघा," तो म्हणायचा. "तार दाबायला लई जोर लागालाय."

वर्षातून चार वेळा तरी त्याची दांडी वाकायची. इतर गिऱ्हाइकांची दोन वर्षांतून एकदा. मी लाकडाला दोष दिला, हवेला दिला, टेम्पोला दिला. बेस माझ्याकडे यायचा तेव्हा त्याच्या तारा उतरवलेल्या असायच्या, तंबोरा प्रवासाला नेताना उतरवतात तशा. वाद्याची काळजी घेणारा माणूस आहे असं म्हणून मला उलट त्याचं कौतुकच वाटायचं. मी नटाला पाव फेरा द्यायचे, दुसऱ्या दिवशी आणखी पाव, आणि दांडी सरळ करून परत करायचे. तो वाजवतो कसा हे बघायला मी कधी गेले नाही, आणि तो बेस लावतो कसा हे विचारलंही नाही.

एका वर्षी लग्नसराईच्या तोंडावर तो आला. आर्केस्ट्राचे मालक शिवानंदण्णा त्याला म्हणाले होते, दोन कार्यक्रमांत तुझा बेस मधेच बेसूर झाला, आता हे बस्स. त्यांनी नवा कीबोर्ड घेतला होता. कीबोर्डवाला रमेश डाव्या हातानं बेसचे सूर वाजवू शकायचा, उजव्या हातानं बाकीचं. एक माणूस कमी, एक वाद्य कमी, टेम्पोतली जागा मोकळी. तेव्हा सगळीकडे असंच होत चाललं होतं आणि एकेका आर्केस्ट्रातून बेसवाले गळत होते. बारा दिवसांनी एका मोठ्या व्यापाऱ्याकडचं लग्न होतं. त्या कार्यक्रमात बेस नीट राहिला तर यल्लप्पा राहणार, नाहीतर रमेशचा डावा हात.

"पैशाचं काय नाही अक्का," यल्लप्पा म्हणाला. "गाडी हाय की माझी. पण तिथं उभारलो की मला लोक बेसवाला म्हणत्यात."

मी बेस ठेवून घेतला. तारेखाली पेन्सिल सरकत होती, एवढी दांडी वाकलेली. मी नटाला पाव फेरा दिला, तो फिरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला, तो जेमतेम फिरला. तिसऱ्या दिवशी नट हलेना. मला तिथेच कळायला हवं होतं की सळईची मजल संपली. पण बारा दिवसांतले तीन गेले होते आणि माझ्या डोक्यात तो पांढरा शर्ट बसला होता. मी शेजारच्या दुकानातून लोखंडी नळीचा एक तुकडा आणला, एलन कीवर चढवला आणि जोर लावला. टक् असा बारीक आवाज झाला. मोठा नाही, सुपारी फुटावी एवढाच. त्यानंतर नट गरागरा फिरायला लागला.

आत सळई तुटली होती. तुटलेली सळई काढायची तर दांडीवरची पडद्यांची अख्खी पट्टी सोलून काढावी लागते, आणि स्वस्तातल्या दांडीत ती धड निघेल की तुकड्यांनी, हे सांगता येत नाही. मी बेस पिशवीत घातला आणि फळीवर ठेवून दिला. दुपारी यल्लप्पा डोकावला तेव्हा "उद्या बघू" म्हणाले. त्याच्याकडे न बघता म्हणाले, याची लाज मला अजून वाटते. नंतर अप्पांना सांगितलं. मुंबईहून माझ्या खर्चानं नवा बेस मागवते असंही म्हणाले, पण तो यायला तीन आठवडे लागले असते.

अप्पा रागावले नाहीत. चष्मा पुसत त्यांनी एवढंच विचारलं, "शकू, तो लावतो कसा ते कधी बघितलीस काय?"

"नाही."

"मग उद्या बघू. आणि आधी त्याला सांगून टाक. तूच सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लप्पा गाडी लावून आला. मी सगळं सांगितलं. पाव फेऱ्याचा नियम, नळी, जोर, आवाज, सगळं. तो ऐकत राहिला. मग बेस मांडीवर घेऊन त्यानं दांडीच्या पाठीवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत, जनावराच्या पायाचं मोडलेलं हाड शोधावं तसा. मला वाटलं, आता हा उठून जाईल.

"दुसऱ्या कुणी मोडलं असतं तर तुमच्याकडंच आणलं असतं की अक्का," तो म्हणाला. "आता आणायचं वाचलं."

मी आत जाऊन पाणी प्याले. बाहेर आले तेव्हा अप्पा त्याला सांगत होते, "आर्केस्ट्रात लावतोस तसा लाव बघू. आधी गायकाचा, मग गायिकेचा."

यल्लप्पानं बेस गायकाच्या पट्टीला लावला. मग अप्पांनी पेटीवर गायिकेचा सा धरला आणि यल्लप्पाचे हात खुंट्यांवर गेले. चारही तारा त्यानं वर चढवायला सुरुवात केली. एका पडद्याएवढं एक घर, मग दोन घरं, तीन, चार, पाच. तारा करकरत होत्या. त्या तुटल्या कशा नाहीत हे त्या तारांनाच माहीत. माझ्या डोळ्यांदेखत दांडी वाकत गेली. पण मी दांडीकडे बघायचं विसरले, कारण मी असं काही आधी बघितलंच नव्हतं. हातात यंत्र नाही, एकेक तार थांबून ऐकणं नाही, दोन हातांनी दोन-दोन खुंट्या पिळत मी वीस मोजायच्या आत त्यानं चार तारा नव्या पट्टीत आणून ठेवल्या. अप्पांनी पेटीवर ताडून पाहिलं. केसभराचाही फरक नव्हता. अप्पांनी साठ वर्षांत मोठमोठ्यांचे तंबोरे लावले होते, ते पेटीवरचा हात काढून नुसते बसून राहिले.

यल्लप्पाला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. गावी तो काकांच्या भजनात तंबोरी धरायचा. काका ज्या पट्टीत गातील त्या पट्टीत तंबोरी लावायची, गाणारा बदलला की लावणं बदलायचं. सा म्हणजे गाणाऱ्याचा सा. बेस हातात आला तेव्हाही त्यानं तेच धरलं. प्रत्येक गाणं तो मोकळ्या तारेला सा समजून शिकला होता. गायकानंतर गायिका आली की रमेश कीबोर्डवरचं एक बटण दाबून पट्टी बदलायचा, आणि यल्लप्पा निवेदकाचा एक विनोद संपायच्या आत अख्खा बेस लावून घ्यायचा. पुस्तकाप्रमाणे हे साफ चूक. बेस एकदाच लावायचा असतो आणि पट्टी बदलली तर बोटं सरकवायची असतात. पण त्याच्या मोकळ्या तारांचा तो लांब, भरलेला आवाज कुठल्या पुस्तकात शिकून येत नाही. कार्यक्रमात दहा वेळा पाच घरं वर आणि दहा वेळा खाली, असं त्या बिचाऱ्या दांडीनं सहा वर्षं सोसलं होतं. सळई तर माझ्या आधीच अर्धी मेलेली असणार. अर्थात मारली मीच.

"आता बोटं सरकवून शिकायचं म्हणजे तंबोरीपासूनचं पंधरा वर्षांचं सगळं परत शिकायचं," यल्लप्पा म्हणाला. "नऊ दिवसांत होतंय काय अक्का?"

होणार नव्हतं. ते त्यालाही माहीत होतं.

उपाय अप्पांना सुचला. दांडी सरळ करायची ती तंबोऱ्याची करतात तशी, शेकून. सागवानी तुळईचा एक सरळ तुकडा होता, त्यावर दांडी उलटी बांधली, मधे लाकडाची पाचर घातली आणि वाकलेल्या बाजूच्या विरुद्ध थोडी जास्तच वाकवून क्लॅम्प आवळले. वर ओलं फडकं आणि त्यावर इस्त्री. गरमीनं दांडी आणि वरची पडद्यांची पट्टी यांच्यामधला गोंद जरा मऊ होतो, दोन लाकडं एकमेकांवरून केसभर सरकतात, आणि थंड होताना त्याच वळणावर धरून ठेवतात. किती गरम हे सांगणारं काही नसतं. अप्पा तळहात ठेवून बघायचे आणि "हं" म्हणायचे, की मी इस्त्री उचलायची. चार दिवस सकाळी शेक आणि दिवसभर थंड होऊ देणं. पाचव्या दिवशी क्लॅम्प काढले, हलक्या तारा चढवल्या, आणि सळईशिवाय दांडी सरळ राहिली. तारेखाली पोस्टकार्ड जेमतेम सरकलं.

पण ती पुन्हा पाच घरं वर ओढली असती तर आठवडाभरात गेली असती. म्हणून बेस गायकाच्या खालच्या पट्टीला एकदाच लावायचा असं ठरलं. गायिकेसाठी मी शिसवीची एक बोटभर रुंद पट्टी घासली, तिला भात्याचं मऊ कातडं चिकटवलं आणि मागून सायकलच्या ट्यूबचा दुहेरी पट्टा लावला. ती पाचव्या पडद्याशी अडकवली की चारही तारा तिथे दाबल्या जातात आणि पाच घरं वरच्या पट्टीत बोलतात. दांडीवर ताण काडीचा वाढत नाही आणि यल्लप्पाची बोटं आपल्या जुन्या वाटेनं चालतात, फक्त थोडी पुढून. गिटारवाल्यांकडे असली कळ तयार मिळते हे मला पुष्कळ नंतर कळलं. बेसच्या रुंद दांडीला बसणारी तेव्हा हुबळीत तरी नव्हती.

यल्लप्पानं ती लावून एकदा वाजवलं आणि मान हलवली. "ही मोकळी तार न्हवं अक्का. दाबलेली हाय. कळतंय."

मला काहीच कळत नव्हतं. अप्पांना कळलं. "होय, आवाज कोरडा झालाय," ते म्हणाले. "मग तू हातानं ओला कर."

पुढचे चार दिवस दुपारी दोन ते चार, बाजार जरा मंदावतो त्या वेळात, तो दुकानाच्या मागच्या बाजूला बसून वाजवत राहिला. तार छेडायची जागा तो बदलत होता, आणखी वर, दांडीच्या जवळ, नखानं नव्हे तर बोटाच्या मांसल भागानं. गठ्ठ्यांच्या दोऱ्यांनी घट्टे पडलेली ती बोटं. चौथ्या दिवशी अप्पांनी भात्यातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "आता दे की तारांना जरा विश्रांती." अप्पांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

लग्नाला मला बोलावणं नव्हतं, तरी मी गेले. धारवाड रस्त्यावरचं मोठं कल्याण मंटप, म्हणजे मंगल कार्यालय, दुपारचं जेवण, स्टेजवर आर्केस्ट्रा. चांगली साडी नेसून बिनधास्त आत शिरलं की आमच्याकडच्या लग्नात कोणी अडवत नाही. वाढप्यानं विचारलं, "अक्का, मुलाकडच्या का मुलीकडच्या?" मी म्हणाले, "बेसकडची." त्याला काही उमजलं नाही, पण त्यानं पान वाढलं. मी मुद्दाम अशी बसले की पानावरून स्टेज सरळ दिसावं.

शिवानंदण्णा आवाजाच्या मशीनपाशी हाताची घडी घालून उभे होते. रमेशला त्यांनी बजावून ठेवलं होतं हे बघताच कळत होतं. पहिल्या गाण्यापासून त्याचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या टोकाला होता आणि तो यल्लप्पाचेच सूर बरोबरीनं वाजवत होता. यल्लप्पाचा बेस कुठे ढासळलाच तर गाणं पडायला नको म्हणून. यल्लप्पाला ते ऐकू येत असणारच. तो पांढऱ्या शर्टात, पांढऱ्या बुटात, खाली बघून वाजवत होता.

गायकाची तीन गाणी झाली. निवेदकानं नवरदेवावर एक विनोद केला आणि गायिका पुढे आली. यल्लप्पानं खिशातून शिसवीची पट्टी काढली, पाचव्या पडद्याशी लावली, ट्यूब मागून ओढून अडकवली. विनोद संपायच्या कितीतरी आधी तो तयार होता आणि त्याला हातांचं काय करावं कळेना. खुंट्यांकडे हात गेला आणि परत आला. माझा घास हातातच राहिला. मी गाणं ऐकतच नव्हते, ट्यूबचा पट्टा सुटतो का तेवढंच बघत होते.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं सरळ गेलं. मग एका ठिकाणी सगळी वाद्यं थांबतात, गायिका एकाच सुरावर ठहराव घेते आणि खाली फक्त बेसची एक तार राहते, अशी जागा आली. यल्लप्पानं दांडीजवळ बोट टेकवून ती तार सोडली. कोरडी नव्हती. मंटपातल्या पत्र्यांखाली, भांड्यांच्या आवाजाखाली ती तार भरून राहिली आणि त्याच सुराचा दुसरा, कीबोर्डचा आवाज तिच्या शेजारी अगदीच पातळ वाटला. गायिकेनं मान किंचित वळवून मागे बघितलं. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "जेवण तिखट लागलं काय हो?" मी हो म्हणाले आणि डोळे पुसले.

पुढच्या कडव्याला रमेशनं डावा हात कीबोर्डवरून उचलला. शिवानंदण्णांनी ते बघितलं आणि लांबूनच तळवा खाली करून खूण केली, हात ठेव. रमेशनं त्यांच्याकडे बघितलं. मग त्यानं मान हलवून नाही म्हटलं, डावा हात पँटच्या खिशात घातला आणि कार्यक्रम संपेपर्यंत नुसत्या उजव्या हातानं वाजवलं.